चाफलेकाका भोवरे तोलतात

चंद्रभान चाफले यांच्या घरी चहाला गेलात तर बिस्किटाला लगेच हात लावू नका. ते आधी पुडा काट्यावर ठेवतात, वर छापलेल्या वजनाशी ताडून पाहतात, आणि "बरोबर आहे" किंवा "चोर लेकाचे" असा निकाल दिल्यावरच पाहुण्याला खायला मिळतं. तोवर चहा निवतो. मी त्यांचा खालच्या मजल्यावरचा शेजारी. नागपूरच्या महाल भागात माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, त्याच्या डोक्यावर ते राहतात, त्यामुळे असा निवलेला चहा मी पुष्कळ प्यायलो आहे.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या तोलकाट्यावर होते. भरलेली वॅगन तोलायची, कोळसा उतरला की रिकामी तोलायची, आणि मधला फरक तो खरा कोळसा. या एका वजाबाकीवर त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि आता तीच वजाबाकी ते उरलेल्या जगाला लावतात. लग्नाहून आले की मांडवात जायच्या आधीचं आणि पंगतीनंतरचं स्वतःचं वजन सांगतात, वर यजमानाची लायकीही सांगतात. त्यांच्या पत्नी अंजनाबाई म्हणतात, "मले पाहाले आले तवा यायनं माह्या बापाले पोरीचं वजन इचारलं होतं." काका हे नाकारत नाहीत. मिळालेलं उत्तर चुकीचं होतं, एवढीच त्यांची तक्रार आहे.

निवृत्त झाल्यावर माणसाचं काय होतं ते मी त्यांच्याकडे पाहून शिकलो आणि मला ते मुळीच आवडलं नाही. खापरखेड्याला त्यांनी "झालं" म्हटल्याशिवाय गाडी हलत नसे. महालात त्यांनी "थांब" म्हटलं तरी ऑटोवाला थांबत नव्हता. सकाळी भाजीवालीशी भांडण, दुपारी झोप, संध्याकाळी माझ्या दुकानात खुर्ची अडवून बसणं आणि गिऱ्हाइकांना, "कागद पातळ आहे, नका घेऊ," असा सल्ला देणं. माझं दुकान बुडवायला मला दुसऱ्या कुणाची गरजच नव्हती. एकदा ते आपण होऊन म्हणाले, "मले आता कोनी काही इचारत नाही गा." मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचं तोंड पाहून मिटलं.

मग होळीच्या सुमारास त्यांचा मोबाइल बिघडला आणि आमची सर्वांची शांतता संपली.

मोबाइल दुरुस्त करायला ते धम्मदीपच्या दुकानात गेले. धम्मदीप हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा हुशार मेकॅनिक. दुकानामागच्या खोलीत दर रविवारी पंधरा-वीस माणसं जमतात आणि भोवरे लढवतात. पोरं नव्हेत, चांगली दाढीमिशीची, हप्ते भरणारी माणसं. हे भोवरे दोरी गुंडाळून फेकायचे आपले लाकडी नव्हेत. यांना वर धातूचं पातं असतं, मध्ये एक जोड, खाली टोक. हातातल्या यंत्राला लावून पट्टी खेचली की भोवरा प्लास्टिकच्या घमेल्यात पडतो आणि समोरच्यावर तुटून पडतो. जो शेवटपर्यंत फिरेल, बाहेर फेकला जाणार नाही आणि टक्करीत सुटा होणार नाही, तो जिंकला. खेळ एवढाच आहे, पण त्यावर बोलणं फार आहे.

काका गेले तेव्हा बोलणं रंगात होतं. एकाच कंपनीचं, एकाच साच्यातलं पातं, पण कुणाचं जड निघतं आणि कुणाचं हलकं, आणि जड निघालं त्याचं नशीब उघडलं, असा एकूण सूर होता. काका दारात उभं राहून ऐकत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "जड म्हंजे किती जड?"

"बहुतच जड, काका," पियूष म्हणाला. हा पियूष ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, गडी दणकट, आणि हरला की रडकुंडीला येतो.

"बहुतच म्हंजे किती?"

कुणालाच सांगता येईना. काकांनी त्या सगळ्यांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी ओळखतो, कारण माझ्या रद्दीच्या तराजूचाही त्यांनी एकदा तसाच अपमान केला होता. दुसऱ्या दिवशी ते इतवारीच्या बाजारात जाऊन सोनारांकडे असतो तसला लहानसा काटा घेऊन आले. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. सोबत पारदर्शक झाकण होतं, ते कामात आडवं येतं म्हणून त्यांनी काढून टाकलं आणि त्यात सुपारी भरली.

पुढच्या रविवारपासून धम्मदीपच्या खोलीत काकांचं टेबल लागलं. मान म्हणून त्यांना सगळ्यात चांगली जागा मिळाली, थेट कूलरसमोर. ज्या गावात मार्चपासूनच कूलरसमोरच्या जागेवरून सख्खे भाऊ भांडतात, त्या गावात याहून मोठा सत्कार होत नाही. लोक रांगेनं पाती घेऊन येत. काका चष्मा लावत, पातं चिमट्यानं उचलत, काट्यावर ठेवत, आणि आकडा हलत राहिला की म्हणत, "थांबा, जनावर उभं राहू द्या." मग आकडा सांगत. जड पात्याला ते 'पहेलवान' म्हणत, मधल्याला 'संसारी', हलक्याला 'उपाशी'. ही नावं इतकी रुळली की पियूषच्या बायकोनं भांडणात त्याला उपाशी म्हटलं म्हणे.

आता सांगतो ते खरं आहे: पहेलवान पात्याचे लोक जिंकू लागले. ज्याचं उपाशी निघालं तो तोंड पाडून खेळायचा आणि हरायचा. काकांची ख्याती वाढली. हिंगण्याहून, कामठीहून माणसं पाती घेऊन येऊ लागली. नमस्कार करून "काका, जरा पाहता का" म्हणू लागली. काकांनी भाजीवालीशी भांडणं सोडलं. माझी खुर्ची मोकळी झाली. आणि जूनच्या पहिल्या रविवारी लकडगंजात एका सभागृहात विदर्भातल्या सगळ्या भोवरेवाल्यांची स्पर्धा ठरली, तेव्हा संयोजकांनी तपासणीचं टेबल काकांकडे दिलं. 'वजन प्रमुख' असा छातीला लावायचा बिल्ला घरपोच आला. काकांनी त्याचा फोटो खापरखेड्याच्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकला आणि कुणी कुणी वर केलेला अंगठा पाठवला ते मला वाचून दाखवलं.

एकच माणूस खुश नव्हता. रितिका नावाची मुलगी, बँकेत अधिकारी. ती सगळ्यांत चांगली खेळायची आणि तिचं पातं उपाशी होतं. काकांना हे घासात खडा आल्यासारखं वाटे. शेवटी एकदा तीच म्हणाली, "काका, एकदा नीट करून पाहू ना. एक पहेलवान, एक उपाशी, जोड नि टोक तेच. समोर माझा हा एकच भोवरा. तुम्ही आलटून पालटून सोडा."

"हाव, पाहून घे," काका म्हणाले. "माह्याकून तुले ना नाही."

ही परीक्षा काकांच्या घरी झाली, स्पर्धेच्या आदल्या रविवारी, ऐन नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ आगीच्या दिवसांत. बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. आत कूलर घरघरत होता, त्याच्यासमोरच्या जेवणाच्या टेबलावर घमेलं आणि काटा होता, आणि मला निःपक्षपाती साक्षीदार म्हणून माझ्या झोपेतून उठवून आणलं होतं. काकांनी पहेलवान आमच्यासमोर तोलला, उपाशीचा आकडा मात्र धम्मदीपच्या खोलीत भरला होता तोच धरला. पहेलवान तो पहेलवान ठरला, उपाशी तो उपाशी. लढती सुरू झाल्या. पहेलवान जिंकत गेला, उपाशी हरत गेला, आणि काका दर वेळी माझ्याकडे बघून भुवया उडवत होते.

रितिका मात्र घमेल्याकडे बघतच नव्हती. ती काकांच्या कोपराकडे बघत होती. "काका," ती म्हणाली, "पहेलवान सोडताना तुम्ही दात-ओठ खाऊन खेचता. उपाशी सोडताना जांभई देता."

"खोटं!" काका ओरडले आणि आधारासाठी माझ्याकडे वळले. मी छताकडे पाहिलं. ती खरं बोलत होती.

मग असं ठरलं की पातं मी आत स्वयंपाकघरात बसवायचं, कोणतं ते कुणाला सांगायचं नाही, आणि भोवरा अंजनाबाईंनी सोडायचा. अंजनाबाईंना यातलं काडीचं कौतुक नव्हतं. त्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या. पण पदर खोचून आल्या आणि कढईत वडा सोडावा तशा एकेक भोवरा सोडत गेल्या, एकसारख्या हातानं, जिंकला तरी "झालं?" आणि हरला तरी "झालं?"

पहेलवान आणि उपाशी सारखेच जिंकले, सारखेच हरले.

काकांनी माझ्यावर आळ घेतला. "तू पाती बदलून राहिला. चष्मा लाव बे तुयावाला." इतकी वर्षं शेजारी राहून माझी ही किंमत! मी म्हणालो, तोला मग पुन्हा. त्यांनी पहेलवान चिमट्यानं उचलला, काट्यावर ठेवला. ३५.४१. "हा पाहा," ते म्हणाले, "हा तं बरोबर पहेलवानच आहे," आणि तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावर धडाम असा आवाज होऊन लाईन गेली.

कूलर घरघर कमी करत करत थांबला. काटा बॅटरीवर चालणारा होता, त्याचे आकडे तसेच लुकलुकत होते. आमच्या चौघांच्या डोळ्यांदेखत ३५.४१चे ३५.३० झाले, मग ३५.१८, आणि तिथे जनावर उभं राहिलं.

काकांनी पातं उचलून पुन्हा ठेवलं. ३५.१८. मग उपाशी ठेवला. ३५.२१.

उपाशी जड होता.

झालं होतं ते समजायला कुणी शास्त्रज्ञ नको होता. मानाची जागा कूलरसमोर, झाकण सुपारीला, आणि वारा येऊन काट्याच्या ताटलीला दाबत होता. धम्मदीप सकाळी खोली उघडायचा तेव्हा कूलर बंद असायचा, ऊन चढलं की लावायचा. म्हणजे जे लवकर उठून आले ते सगळे उपाशी ठरले, आणि जे दुपारी आळोखेपिळोखे देत आले ते पहेलवान. रितिका सकाळी सगळ्यांत आधी येणाऱ्यांतली.

"म्हंजे होळीपासून तुमी कूलरची हवा तोलून राहिले होते," अंजनाबाई म्हणाल्या आणि कुकर उतरवायला आत गेल्या.

मी हसलो. खूप हसलो, कारण माझी झोप मोडली होती. मग काकांकडे पाहिलं आणि हसू तोंडातच राहिलं. ते बिल्ल्याकडे बघत होते. तो त्यांनी टेबलावरच ठेवला होता, आम्हाला दिसावा म्हणून.

पण माणूस चिवट. खिडक्या लावून घेतल्या, पंखा नको, कूलर नको, सुपारी ओतून झाकण परत बसवलं, आणि घामाच्या धारांत आम्ही संध्याकाळपर्यंत रितिकाच्या पिशवीतली सगळी पाती तोलून लढवली. निघालं ते असं की वेगळ्याच जातीचं खरोखर जाड पातं असेल तर ते जास्त टिकतं, त्यात शंका नाही. पण एकाच साच्यातल्या पात्यांत जो रत्तीभर फरक असतो, ज्याच्यासाठी माणसं कामठीहून येत होती, त्यानं काहीही होत नाही. त्याहून जास्त फरक हाताच्या झटक्यात पडतो. जिंकत होती ती माणसं, काकांनी पहेलवान म्हटल्यावर छाती काढून पट्टी खेचणारी.

जाताना रितिका म्हणाली, "मी कोणाला काही सांगत नाही, काका. तुम्हीच ठरवा काय ते."

मला ती पोर त्या क्षणी आवडली आणि तिचा रागही आला. तिनं सांगून टाकलं असतं तर काकांची सुटका झाली असती. आता सगळं त्यांच्या गळ्यात होतं. खरं सांगितलं तर बिल्ला गेला, टेबल गेलं, "काका, जरा पाहता का" गेलं, आणि पुन्हा आहेच माझ्या दुकानातली खुर्ची. नाही सांगितलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? मी तेच म्हणालो. "काका, भोवरे आहेत. कोळसा नाही. बसा गुपचूप."

"चूक वजन मी आजपावतो कोनाले सांगितलं नाही," काका म्हणाले.

"होळीपासून सांगून राहिले," आतून अंजनाबाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात काका खाली आले नाहीत. वरून बिस्किटाच्या पुड्याचाही आवाज नाही. मी दुकानात बसून वाट बघत होतो, आणि आपण वाट बघतो आहोत याचा मला संताप येत होता.

रविवारी मीच त्यांना स्कूटरवर घेऊन लकडगंजला गेलो. काट्याचा डबा त्यांनी मांडीवर धरला होता. इस्त्रीचा शर्ट, छातीवर बिल्ला. सभागृहाला चारी बाजूंनी जंगी कूलर लावलेले होते, आत गारवा, आणि काकांच्या टेबलासमोर दारापर्यंत रांग. अमरावतीची माणसं होती, चंद्रपूरची होती. सगळ्यांच्या मुठीत पाती. काका टेबलामागे गेले, पण बसले नाहीत.

"पोरहो, आइका," ते म्हणाले. आवाज तोलकाट्यावरचा होता, इंजिनच्या वर जाणारा. "होळीपासून मी जे आकडे सांगितले ते चूक होते. कूलरच्या हवेनं काटा दबत होता, मले समजलं नाही. अन् दुसरं. बरोबर तोललं तरी एका साच्यातल्या पात्याच्या फरकानं काही होत नाही. आमी घरी करून पाहिलं. हात पाहा आपला, वजन नका पाहू. तोलाची गरज नाही. झालं."

काका बिल्ल्याची पिन काढू लागले. पिन निघेना. मला वाटलं पुढे व्हावं आणि त्यांना घरी न्यावं, आणि त्या सभागृहातल्या प्रत्येक माणसाच्या एक लगावावी.

रांगेत पियूष पहिला होता. त्यानं मान खाजवली. "म्हंजे काका, माह्यं पहेलवान कूलरमुळं होतं?"

"हाव."

"मंग कूलर बंद करा लागन," पियूष म्हणाला, आणि मागे वळून ओरडला, "ए, कूलर बंद करा बे सगळे! काकाले तोलाचं आहे!"

"अरे पण मी काय म्हणून राहिलो!" काका ओरडले. "फरक पडत नाही! काही फरक पडत नाही!"

"हाव काका, समजलं ना," पियूष शांतपणे म्हणाला. "माह्यं किती भरते तेवढं सांगा."

एकेक कूलर थांबला. नवतप्यात, भर दुपारी, दोनशे माणसांनी स्वतःच्या हातानं गारवा बंद केला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मी असला मूर्खपणा नागपुरात कधी पाहिला नव्हता. उलट, जुने आकडे खोटे ठरल्यामुळे ज्यांचं तोलून झालं होतं तेही परत रांगेत येऊन उभे राहिले. धम्मदीप आला. आणि सगळ्यांच्या मागून रितिका आली, मुठीत पातं धरून. मी तिच्याकडे डोळे वटारले. "तुला तर माहीत आहे सगळं," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली. तिला थोडी लाज वाटत होती. "पण खरं किती आहे ते तरी कळू दे ना."

काका त्या रांगेकडे बघत उभे होते. सगळ्या जगासमोर त्यांनी खरं सांगितलं होतं आणि जगानं ते ऐकून घेऊन बाजूला ठेवलं होतं. त्यांचा अपमान झाला होता, आणि त्यांना आनंदही झाला होता, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हतं. माझ्यासारख्या तिरसट माणसालाही त्यांची दया आली. मग हेवा वाटला. माझ्या दुकानासमोर कुणी कधी कूलर बंद करून उभं राहिलेलं नाही.

काका बसले. घामाचा एक थेंब नाकावरून काट्यावर पडणार होता, तो त्यांनी बाहीनं टिपला. चष्मा लावला. पियूषचं पातं चिमट्यानं उचललं, ठेवलं, झाकण लावलं, आणि जनावर उभं राहीपर्यंत श्वास धरून थांबले.

"चौतीस पूर्णांक सत्त्याण्णव," ते म्हणाले. "काही उपयोग नाही याचा."

"थँक्यू काका," पियूष म्हणाला, आणि पातं खिशात घालून छाती काढून घमेल्याकडे गेला.

"चला," काका म्हणाले. "पुढचा."